मैत्रीच्या सामन्यांचा हिशेब

ऑक्टोबरच्या अखेरीस शिलाँगमध्ये झालेल्या तिरंगी मैत्रीपूर्ण मालिकेत भारताच्या महिला फुटबॉल संघाने दोन सामने खेळले आणि दोन्ही गमावले. २१ तारखेला इराणकडून ०-२, २७ तारखेला नेपाळकडून १-२. जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी, ५ जुलै रोजी, याच संघाने चिआंग माई येथे थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे नमवून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले होते. पात्रता फेरी खेळून, मैदानावर जिंकून हे स्थान मिळवण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. त्यामुळे शिलाँगनंतर चाहत्यांच्या चर्चेचा नूर पालटला, यात नवल नाही. जुलैमध्ये ज्यांना २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाची स्वप्ने पडू लागली होती, त्यांनाच आता मार्चमध्ये जपानसमोर आपले काय होणार, ही चिंता पडली आहे.

ही चर्चा वरवरची नाही. महिला फुटबॉलचा भारतीय चाहता संख्येने थोडा असला तरी चोखंदळ आहे. दूरचित्रवाणीवर सामना मिळण्याची खात्री नसते, वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी येते, तरीही संघात कोण आत आले, कोण बाहेर गेले, बचावफळीत कोणाला कोठे खेळवले, याचा तपशील त्याला मुखोद्गत असतो. शिलाँगच्या निकालांवर तीन तऱ्हेची मते ऐकू येतात. घरच्या मैदानावर नेपाळकडून हरणारा संघ आशियाई चषकात कशाच्या बळावर उतरणार, असे काही जण विचारतात. काहींच्या मते मैत्रीपूर्ण सामने प्रयोगांसाठीच असतात आणि त्यांचा निकाल मनावर घ्यायचा नसतो. तिसरे मत बहुधा वयाने मोठ्या चाहत्यांचे असते आणि ते हळू आवाजात मांडले जाते: निदान सामने होत आहेत, हे तरी पाहा.

माझ्या मते या तिघांत तिसरा माणूस सर्वांत गंभीर बोलतो आहे. त्याच्या बोलण्यामागे २००९ चे वर्ष आहे.

त्या वर्षी फिफाने भारताच्या महिला संघाला जागतिक क्रमवारीतून वगळले. कारण पराभव नव्हता. दीड वर्षाहून अधिक काळ संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता आणि अशा संघाला क्रमवारीत स्थान न देण्याचा नियम होता. ज्या देशाच्या महिलांनी १९७९ आणि १९८३ च्या आशियाई स्पर्धांत उपविजेतेपद मिळवले होते, त्या देशाचा संघ कागदोपत्री अस्तित्वातच उरला नाही. त्या जुन्या यशामागे १९७५ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र महिला फुटबॉल महासंघ होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस महिलांचे फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली आले. छत्र मोठे होते, पण त्याखाली महिलांच्या वाट्याला आलेली जागा किती होती, ते २००९ ने दाखवून दिले. पुढे २०१० पासून संघ पुन्हा नियमित खेळू लागला आणि दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘सॅफ’च्या, पहिल्या पाचही स्पर्धा त्याने जिंकल्या. हरण्याने संघ नाहीसा होत नाही, न खेळण्याने होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला शिलाँगचे दोन पराभव निराळे दिसतात.

तथापि, सामने होत आहेत एवढ्यावर समाधान मानावे काय? येथे मला त्या ज्येष्ठ चाहत्याच्याही पुढे जावेसे वाटते. मैत्रीपूर्ण सामन्याचे मूल्य निकालात नसते, हे खरे. परंतु ते नुसत्या खेळण्यातही नसते. प्रतिस्पर्धी कोण निवडला, कोणत्या वेळी निवडला आणि त्यानंतर काय बदलले, यांत ते असते. गेल्या चार-पाच वर्षांतील काही सामने शेजारी शेजारी मांडले की हे लक्षात येईल.

३० डिसेंबर २०२४ रोजी बेंगळुरूत भारताने मालदीवला १४-० असे हरवले. दोन-तीन दिवसांनी दुसरा सामना ११-१ असा जिंकला. बातम्यांना मथळे मिळाले, नवोदित खेळाडूंच्या नावांपुढे गोल लागले आणि ते त्यांना लागावेतही. मात्र या पंचवीस गोलांतून संघाविषयी काय कळले, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. पुढे मे-जून २०२५ मध्ये त्याच बेंगळुरूत उझबेकिस्तानविरुद्ध दोन सामने झाले. दोन्ही भारताने ०-१ असे गमावले. चाहत्यांनी तेव्हाही नाके मुरडली: गोल करता येत नाहीत, आघाडीची फळी बोथट आहे, पात्रता फेरीत काय दिवे लावणार, वगैरे. वस्तुतः त्या दोन सामन्यांत संघ वरचढ प्रतिस्पर्ध्यासमोर एकशे ऐंशी मिनिटे उभा राहिला आणि दोनच गोल स्वीकारले. महिन्याभरानंतर चिआंग माईत मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक या तिघांविरुद्ध मिळून २२ गोल झाले. पण स्थान मिळाले ते थायलंडविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात, आणि तो सामना उझबेकिस्तानसारखाच होता. संधी थोड्या, दबाव मोठा, चुकीला क्षमा नाही. क्रमवारीत थायलंड ४६ वा होता, भारत ७० वा. २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला तो संघ. पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. मालदीवविरुद्धच्या चौदा गोलांनी तिला या सामन्यासाठी तयार केले नव्हते, असे म्हणण्यास हरकत नाही.

याहून मोठे उदाहरण मनौसचे. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील त्या शहरात भारतीय महिला ब्राझीलविरुद्ध खेळल्या. फोर्मिगा या ब्राझीलच्या सात विश्वचषक खेळलेल्या मध्यरक्षकाचा तो निरोपाचा सामना होता. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला आणि आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने तो फेडला. अखेरीस १-६. त्या दौऱ्यात चिली आणि व्हेनेझुएलाकडूनही भारत हरला. कागदावर पाहिले तर तीन सामने, तीन पराभव. पंजाबमधील होशियारपूरच्या त्या मुलीने पुढच्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन संघाकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय होण्याचा मान मिळवला. एका गोलाने करार मिळतात असे नाही, पण ब्राझीलच्या बचावफळीसमोर आपण काय करू शकतो याचा पुरावा तेथे गेल्याशिवाय मिळत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणजे पराभवही निरनिराळ्या जातींचे असतात. मग शिलाँगचे दोन पराभव कोणत्या जातीचे?

इराणचा विचार आधी करू, कारण तेथे तुलनेला एक माप हाताशी आहे. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आशियाई चषकाचा भारताचा पहिला सामना इराणशीच झाला होता. इराण त्या स्पर्धेत प्रथमच उतरला होता, भारत यजमान होता. भारताने चढाया केल्या, संधी दवडल्या, इराणच्या गोलरक्षकाने उरलेल्या अडवल्या आणि सामना ०-० असा सुटला. पुढे जे घडले ते महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल. करोनाची लागण संघाच्या मुक्कामात शिरली, २३ जानेवारीच्या चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान १३ खेळाडू भारताला उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. २०२३ च्या विश्वचषकाची वाटही तेथेच बंद झाली. त्या घटनेची जबाबदारी कोणावर, यावर बराच वाद झाला. आज मुद्दा तो नाही. २०२२ मध्ये जो संघ आपल्या बरोबरीचा किंवा किंचित दुबळा होता, तो २०२५ मध्ये आपल्याच देशात येऊन दोन गोलांनी जिंकून गेला, हा मुद्दा आहे. इराणही मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात खेळणार आहे. अशा संघाशी ऑक्टोबरमध्ये गाठ घालणे ही महासंघाची योग्य निवड होती आणि त्या निवडीचे श्रेय पराभवामुळे कमी होत नाही.

नेपाळची गोष्ट वेगळी आहे. येथे मला रागावलेल्या चाहत्याची बाजू घ्यावीशी वाटते. २०२२ च्या सॅफ स्पर्धेत काठमांडूमध्ये उपान्त्य फेरीत नेपाळने भारताला ०-१ असे हरवले आणि पाच विजेतेपदांची मालिका खंडित झाली. २०२४ मध्ये पुन्हा काठमांडू, पुन्हा उपान्त्य फेरी, दीर्घकाळ खोळंबलेला सामना आणि पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव. आणि आता शिलाँग. प्रयोग म्हणून एक सामना सोडून देता येतो, पण एकाच प्रतिस्पर्ध्याकडून पुन्हा पुन्हा हरण्याला प्रयोग म्हणता येत नाही. नेपाळ आशियाई चषकासाठी पात्रही ठरलेला नाही. बांगलादेश मात्र ठरला आहे, तोही प्रथमच. २०२२ आणि २०२४ ची दोन्ही सॅफ विजेतेपदे त्याच्याकडे आहेत. दक्षिण आशियातील निर्विवाद सत्ता म्हणून भारताने जो आब मिरवला, तो शेजाऱ्यांनी केव्हाच उतरवला आहे. चाहत्यांना ते महासंघाच्या आधी कळले असावे.

आता धोरणाची बाजू पाहू, कारण मैत्रीपूर्ण सामन्याचा निकाल चाहत्यांच्या चर्चेपुरता राहत नाही. तो सरकारी फायलीत जातो.

फिफाच्या महिला क्रमवारीत प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामना मोजला जातो. विश्वचषकातील सामन्याचे वजन मैत्रीपूर्ण सामन्याच्या चौपट धरतात, पण मैत्रीच्या सामन्याचे वजन शून्य नसते. प्रतिस्पर्धी किती बलवान, किती गोलांच्या फरकाने जिंकले वा हरले, हेही हिशेबात येते. त्या गणिताची गंमत अशी की फारच दुबळ्या संघाला लोळवून हाती विशेष काही लागत नाही, तर फारच बलाढ्य संघाकडून अपेक्षेपेक्षा कमी फरकाने हरल्यास गुण वाढूही शकतात. खरी जोखीम असते ती आपल्या आसपासच्या किंवा आपल्याहून थोड्या खालच्या संघाशी खेळण्यात. म्हणजे नेमके इराण आणि नेपाळ.

ही जोखीम भारतात अधिक महाग पडते, कारण आशियाई क्रीडा स्पर्धांना सांघिक खेळाचा चमू पाठवायचा की नाही, हे ठरवताना आशियातील पहिल्या आठांत असण्याचा निकष वर्षानुवर्षे लावला गेला आहे. २०१८ मध्ये याच तर्काने भारतीय ऑलिम्पिक संघटनेने पुरुष आणि महिला या दोन्ही फुटबॉल संघांना जकार्ताला पाठवले नाही. २०२३ मध्येही तीच वेळ आली होती. शेवटी क्रीडा मंत्रालयाने निकष शिथिल केला आणि दोन्ही संघ हांगझोऊला गेले. तेथे महिला चायनीज तैपेईकडून १-२ आणि थायलंडकडून ०-१ असे हरल्या. २०२६ मध्ये आइची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत आणि हा प्रश्न पुन्हा फायलीवर येणारच. सरकारी पैसा मर्यादित असतो, तेव्हा निकष हवाच. मात्र निकष केवळ क्रमवारीचा असला की संघटनेच्या डोक्यात एक साधा विचार शिरतो: अवघड शेजारी टाळावा, सोपा पाहुणा बोलवावा, नाहीतर खेळूच नये. २००९ कडे जाणारा रस्ता असाच, सोयीसोयीने, आखला जातो.

मैत्रीपूर्ण सामना ठरवणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. फिफा वर्षातून ठरावीक कालखंड राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवते आणि क्लबांना खेळाडू सोडणे तेवढ्याच दिवसांत बंधनकारक असते. भारताच्या बहुतेक खेळाडू देशातच खेळतात, त्यामुळे त्यांना शिबिरात आणणे तुलनेने सोपे. पण प्रतिस्पर्धी संघाच्या चांगल्या खेळाडू परदेशी क्लबांत असतील, तर त्या याच दिवसांत मिळतात. एक कालखंड हुकला की पुढच्याची वाट पाहावी लागते. पाहुण्या संघाच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था साधारणपणे यजमानाने करायची आणि विमानभाड्याचे आपसांत ठरवायचे, अशी रीत. मंत्रालयाकडे वर्षाच्या आरंभी प्रशिक्षण व स्पर्धांची जी दिनदर्शिका मंजुरीसाठी जाते, तिच्यात या खर्चाची तरतूद असावी लागते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये कोणाशी खेळायचे, याचा निर्णय खरे तर मागच्या हिवाळ्यातच व्हायला हवा. आपल्याकडे तो कित्येकदा शिबिर सुरू झाल्यावर होतो.

या साऱ्यात प्रशिक्षकाने काय करावे? २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत संघाने चार मुख्य प्रशिक्षक पाहिले: लांगाम चाओबा देवी, संतोष कश्यप, स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन आणि क्रिस्पिन छेत्री. फेब्रुवारी २०२४ मध्ये चाओबा देवींच्या संघाने तुर्कस्तानात एस्टोनियाला ४-३ असे हरवले होते. युरोपीय देशाच्या वरिष्ठ संघावरचा तो भारतीय महिलांचा पहिला विजय. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये सॅफ स्पर्धेला संघ गेला, तेव्हा बाकावर दुसरा प्रशिक्षक होता आणि वर्ष संपता संपता तिसरा. मैत्रीपूर्ण सामन्यातून जे शिकायचे, ते शिकून लक्षात ठेवणारा माणूसच बदलत राहिला, तर वही प्रत्येक वेळी कोरी. छेत्रींनी मे महिन्यापासूनचे दीर्घ शिबिर घेतले आणि त्याचे फळ चिआंग माईत दिसले. शिलाँगच्या दोन निकालांवरून त्यांच्या नावावर काट मारावी, असे जे काही चाहते म्हणत आहेत, त्यांनी निदान ही यादी एकदा वाचावी.

क्लबच्या फुटबॉलची स्थितीही यात धरली पाहिजे. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या इंडियन विमेन्स लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते, प्रत्येकाचे चौदा सामने. जानेवारीत आरंभ, एप्रिलमध्ये समाप्ती. मग उरलेल्या आठ महिन्यांत मणिपूरची, झारखंडची किंवा हरियाणाची खेळाडू काय करते? राज्य स्पर्धा खेळते, नोकरी असल्यास विभागीय संघाकडून खेळते, नाहीतर राष्ट्रीय शिबिराच्या निरोपाची वाट पाहते. ऑक्टोबरमध्ये इराणविरुद्ध उत्तरार्धात पाय जड पडत असतील, तर त्याचे कारण शिलाँगच्या चढणीत शोधण्याची गरज नाही. त्यात पुरुषांच्या लीगचा व्यापारी करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि महासंघाचे सारे लक्ष त्या पेचात गुंतले होते. अशा वेळी कात्री प्रथम कोठे चालते, याचा अनुभव महिला संघाला आहे.

२ नोव्हेंबर रोजी त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. देशभर जल्लोष झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्यानंतर फुटबॉलच्या चाहत्यांत साहजिकच तुलना सुरू झाली. ती अर्धीच खरी आहे. क्रिकेट मंडळाकडे पैसा आहे, फुटबॉल महासंघाकडे तो नाही, आणि फुटबॉलमधील स्पर्धा कितीतरी अधिक देशांशी आहे. पण एक धडा पैशाविनाही घेता येईल. हरमनप्रीत कौर आणि तिच्या सहकारी गेली कित्येक वर्षे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याशी सतत खेळत आल्या, आणि बऱ्याचदा हरत आल्या. त्या पराभवांची वेळापत्रके आधीपासून ठरलेली होती. उपान्त्य फेरीत ऑस्ट्रेलिया समोर आली, तेव्हा ती त्यांना अपरिचित नव्हती.

आशियाई चषकात बारा संघ आहेत. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपान २०११ चा विश्वविजेता, व्हिएतनाम २०२३ चा विश्वचषक खेळलेला. गटातील पहिले दोन आणि तिन्ही गटांतील तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम दोन संघ उपान्त्यपूर्व फेरीत जातील आणि तेथून विश्वचषकाची वाट सुरू होईल. जपानकडून निकालाची अपेक्षा कोणी करत नाही. हिशेब उरतो तो इतर दोन सामन्यांचा, आणि ते दोन्ही प्रतिस्पर्धी इराण-उझबेकिस्तानच्या जातकुळीतले आहेत: चिवट, शिस्तबद्ध, एका चुकीची वाट पाहणारे. नोव्हेंबर-डिसेंबरचा कालखंड तोंडावर आला आहे, फेब्रुवारीत तयारीचे थोडे दिवस मिळतील. या अवधीत पुन्हा एखाद्या संघाला चौदा गोलांनी हरवण्याचा मोह महासंघाने टाळावा आणि चाहत्यांनीही तो मागू नये.

चायनीज तैपेईशी भारताचा जुना परिचय आहे. १९७९ ची म्हणून नोंदली गेलेली आशियाई स्पर्धा कालिकतमध्ये झाली, तिच्या अंतिम फेरीत भारत याच संघाकडून हरला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये बहरीनमधील मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने त्यांना १-० असे हरवले, हांगझोऊत त्यांनी त्याची परतफेड केली. या वेळची गाठ १० मार्चला, गटातील शेवटच्या सामन्यात आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईत जो सामना होऊच शकला नव्हता, तोच.